‘बाटलीत पाणी भरून नेतात’ वाल्या मेसेजबद्दल

आपल्या मराठवाड्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज लई फिरायलाय. थोडक्यात असा: परदेशी विद्यापीठं आपल्या कॉलेजांशी करार करतात, आपल्या दुष्काळावर पीएचड्या करून घेतात, बाटलीत पाणी आन वहीत डेटा भरून नेतात, गावाला घंटा मिळत नाही. पाणी कुठंय ते आपल्या आज्यालाबी कळायचं, गोऱ्यांना आपल्या दगडाचं काय कळतंय. तोच पैसा टँकरला द्या. पाठवणारे शिकलेले लोक आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘आज्याला कळायचं.’ हो, कळायचं. पण किती फुटापर्यंत? आपला खडक बेसाल्ट, पाणी वरच्या मुरमात, मांजऱ्यात (म्हणजे बारीक भोकं असलेल्या खडकात) आन भेगांत, आन आज्याची विहीर तेवढ्यातच होती. आता आपण आठशे फुटाचे बोअर मारायलोत, पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो, नुसता धुरळा निघाला की मशीन पाच एकर पलीकडं, पैसे मात्र दोन्हीकडचे मोजायचे. तिथलं खालचं आज्यानं कधी बघितलंच नव्हतं. आन पाण्यात काय विरघळलंय ते कुणाच्याच आज्याला दिसत नाही, दात-हाडं खराब करणाऱ्या फ्लोराईडला ना रंग ना वास, किनवटकडच्या लोकांना विचारा.

‘सॅम्पल नेतात, देत काही नाहीत.’ हा मुद्दा अर्धा खराय आन तो मी खोडणार नाही. करारावर सह्या, शाल-नारळ, फोटो, विषय संपला, असले एमओयू ढिगानं आहेत. पेपर निघाला तरी इंग्रजीत, तोबी पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. पण यावरून भागीदारीच नको म्हणणाऱ्यांनी बांगलादेशाचं प्रकरण बघावं. तिथं तळ्याचं घाण पाणी पिऊन लेकरं दगावायची म्हणून 1970 च्या दशकापासून गावोगाव हातपंप बसवले, आन त्या पाण्यात जमिनीतलंच आर्सेनिक नावाचं विष निघालं. 2000 च्या सुमाराच्या अंदाजात साडेतीन कोटी लोक लिटरला 50 मायक्रोग्रॅमच्या वर आर्सेनिक असलेलं पाणी पीत होते, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे 10. गंमत म्हणा का दुर्दैव, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश भूगर्भवाल्यांनी तिथलं पाणी तपासलं होतं, फक्त आर्सेनिकची टेस्टच केली नव्हती! आन इकडं पश्चिम बंगालात 1983 मध्येच कोलकात्याच्या डॉक्टरांना पेशंट सापडले होते, जादवपूर विद्यापीठवाले 1980 च्या दशकाच्या शेवटापासून त्याच्यामागं लागले होते. म्हणजे बाहेरचा एकटा आला की चुकतो, हे मेसेजवाल्याचं म्हणणं इथं बरोबर बसतंय.

पण गोष्ट तिथंच थांबत नाही ना. 2000 पासून ढाका विद्यापीठ आन अमेरिकेतलं कोलंबिया विद्यापीठ आराईहजार भागात एकत्र उतरले आन त्यांनी हजारो हातपंप एकेक करून तपासले. तेव्हा दिसलं की एका घरचा पंप विषारी आन पन्नास पावलांवरच्या शेजाऱ्याचा चांगला, असं जागोजागी आहे. मग पंपाला पाटी लावायची, घरच्यांना आकडा सांगायचा, कुणाकडून पाणी आणता येईल तेबी सांगायचं. ज्यांचे पंप खराब निघाले त्यातल्या अर्ध्याहून जास्त लोकांनी पुढच्या काही वर्षांत तो सोडून दुसऱ्या पंपाचं पाणी धरलं. पुष्कळांना शेजारणीच्या दारात कळशी घेऊन जावं लागलं असणार, आपल्याकडं भावकीत ते किती सोपंय तुम्हीच ठरवा, पण सॅम्पल दिलं ते फुकट गेलं असं कसं म्हणता?

‘गोऱ्यांना आपल्या दगडाचं काय कळतंय.’ कळायची गरजच नाही, मोजायला माणूस गावातलाच पाहिजे. उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी विद्यापीठानं ऑस्ट्रेलियाच्या वेस्टर्न सिडनी विद्यापीठाला सोबत घेऊन 2012 च्या आसपास हेच केलं. गावातल्याच बायामाणसांना शिकवलं, त्यांना ‘भूजल जानकार’ म्हणतात. टेपला वजन बांधून विहिरीत सोडायचा, पाण्याला लागला की वाचायचा, कठड्याची उंची वजा करायची आन वहीत लिहायचं, दर आठवड्याला. इतकंच. ह्याच्यात चोरून न्यायसारखं काय आहे? तसंबी विहिरींच्या पातळ्या आपलंच केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चारदा मोजून छापतं. परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 चं, संभाजीनगरची वाल्मी, म्हणजे पाणी-जमीन व्यवस्थापन शिकवणारी सरकारी संस्था, 1980 ची, माणसं आपल्याकडंबी आहेत. आन बाहेरचं चालत नाही म्हणणाऱ्यांनी जालना आठवावं, 1960 च्या दशकाच्या शेवटी तिथं मिशनवाल्यांनी मशीन आणून बोअर पाडले, जुने ओतीव पंप टिकेनात म्हणून नवा हातपंप घडवला, त्याच वाटेनं पुढं सोलापूरचा पंप आन मग जगभर गेलेला इंडिया मार्क 2 हातपंप आला. विद्यापीठाचं काम नव्हतं ते, पण आपल्या मातीत बाहेरचा हात लागून झालेलं होतंच की.

राहिला टँकर. द्या ना, तहानलेल्याला पाणी द्यायलाच पाहिजे, 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा कुणी नको म्हणलं नाही. पण त्या डब्यांनी पुढच्या सालासाठी काय ठेवलं? टँकरचा गुत्तेदार दरवर्षी तोच, खेपाबी त्याच. उदयपूरकडं विहिरीत किती पाणी उरलंय हे हिवाळ्याच्या तोंडालाच कळतं, त्यावरून गहू पेरायचा का हरभऱ्यावर भागवायचं हे लोक बसून ठरवतात. आपल्याकडं मार्चमध्ये मोटर हवा ओढायला लागली की कळतंय, तेव्हा ऊस कमरेला आलेला असतो.