अठरा हजारांची हवा

परवा दुपारी नागपूरच्या अमरावती रोडवर, वाडीच्या थोडं अलीकडे, बॉनेटखालून आधी ‘फट्’ झालं, मग ‘फुस्स्’, आणि गाडीतला सगळा जोम गेला. रांगत रांगत जिथे थांबलो ते नेमकं पंक्चरचं दुकान.

गाडी टर्बोवाली, स्पोर्ट्स म्हणवणारी, पण कंपनीतून आली तशीच. तासाभरापूर्वी तिचा बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, १२ वरून १५ पीएसआय करून घेतला होता. तो आणि त्यासाठी लागली ती तयारी, एवढाच काय तो बदल.

दुकानासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर एक काकाजी बसले होते. डोक्याला दुपट्टा, शेजारी मागचं चाक काढलेली स्कूटर, आणि पुढचा अर्धा तास कसा घालवावा ही चिंता चेहऱ्यावर. मला पाहून ती मिटली.

“काय झालं जी?”

“काही नाही. तीन पीएसआय वाढवले होते.”

काकाजींनी दुपट्टा कानावरून बाजूला केला. “एकाच ठाण्यात?”

मी म्हटलं, पोलीस नाही काकाजी, हवेचा दाब. इथे चुकलो. गृहखात्याची भरती म्हणून सोडून दिलं असतं तर बरं झालं असतं.

“म्हणजे हवा भरली तुम्ही.”

“भरली नाही. इंजिनात जाते तिचा दाब वाढवला.”

“किती घेतले?”

खोटं बोलायला हवं होतं. पण ४५ डिग्रीत माणसाला खोटं सुचत नाही. “अठरा हजार.”

काकाजींनी पंक्चरवाल्या पोट्ट्याकडे पाहिलं. पोट्ट्यानं त्याच्या कॉम्प्रेसरकडे पाहिलं. त्या नजरेत मला त्याचं सगळं वाया गेलेलं आयुष्य दिसलं.

“अठरा हजाराची हवा?” काकाजी म्हणाले. “पंपावर तं फुकट भरून देते ना भाऊ!”

आता गप्प बसायचं की नाही? पण मी समजावायला गेलो. टर्बो म्हणजे पंखा. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर तो फिरतो आणि दुसऱ्या टोकाला हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाब ठरलेल्या आकड्यावर पोचला की वेस्टगेट नावाचं झाकण उघडतं आणि जास्तीचा धूर पंख्याला वळसा घालून परस्पर निघून जातो.

“कुकरची शिट्टी,” काकाजी म्हणाले.

उपमा बरोबर होती. म्हणूनच जास्त झोंबली.

“मंग तुम्ही त्या शिट्टीवर वजन ठेवलं.”

वजन ठेवणारे वेगळे असतात हो! त्यांच्यासाठी बाजारात एक चिमुकला व्हॉल्व्ह मिळतो. नळीत बसवायचा, पिळायचा, बूस्ट वर. गाडीच्या कॉम्प्युटरला पत्ताच नाही. हवा वाढली, पेट्रोल पुरलं नाही, तर मिश्रण सुकं होतं, इंजिन आतून ठोके देऊ लागतं आणि एके दिवशी पिस्टनला भोक पडतं. मी तसा नाही. मी आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घेतलं. प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, घातले, त्यांची फट कमी केली. ठोके टाळणारं ९५ ऑक्टेनचंच पेट्रोल भरलं. डॅशबोर्डवर बूस्टचा काटा बसवला. लॅपटॉप लावून पेट्रोलचं आणि ठिणगीचं गणित नव्यानं मांडून घेतलं, आणि अर्धा अर्धा पीएसआय वाढवत, दर वेळी ठोके येतात का ते बघत, १५ वर येऊन हात जोडले. मेकॅनिक म्हणाला १८ पर्यंत जाते साहेब, पण मी नाही म्हटलं. तीन महिने लागले या सगळ्याला. घरच्या लग्नातही मी इतकी चौकशी केली नव्हती.

यातलं एक अक्षर काकाजींपर्यंत पोचलं नाही. त्यांच्या हिशेबात एकीकडे हवा आणि दुसरीकडे अठरा हजार.

खरं सांगायचं तर हिशेब मीही एका रात्री केला होता, आणि तो कुणाला दाखवलेला नाही. वातावरणाचा १४.७ धरला तर एकूण दाब २६.७ वरून २९.७ झाला. म्हणजे हवा फार तर ११ टक्के वाढली. आणि १५ डिग्रीची हवा ४५ डिग्रीला गेली की ९ टक्क्यांच्या वर विरळ होते. थोडक्यात, अठरा हजार मोजून मी माझ्या इंजिनाला मे महिन्याच्या नागपुरात युरोपातल्या एप्रिलचा श्वास मिळवून दिला. वर उरला जेमतेम पाऊण टक्का. तो पाऊण टक्का वापरायचा तरी कुठे? शहरात दर पन्नास पावलांवर गतिरोधक, तेही न रंगवलेले. बुटक्या गाडीचं पोट प्रत्येकावर घासतं. सिमेंटचा रस्ता झाला म्हणून आनंद मानावा तर महिन्याभरात कडेनं खोदलेला. समृद्धीवर जावं तर मर्यादा १२०, आणि तिथवर गाडी जुन्या १२ पीएसआयवरही झोपेत जायची.

असो. तर बॉनेट उघडलं. इंटरकूलरचा, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा, रबरी पाइप तोंडातून निसटून लोंबत होता. जुना पाइप, आतून तेलकट, क्लॅम्प ढिला. १२ चा दाब त्यानं सोसला होता, १५ चा सोसवला नाही. तीन महिन्यांच्या माझ्या चौकशीत हा क्लॅम्प तेवढा राहिला होता.

काकाजी वाकून बघत होते. “म्हणजे हवा निघून गेली.”

“हो.”

“नळीतून.”

“हो.”

“मंग पंक्चरच झालं ना जी!”

वाद घालायला काही उरलंच नव्हतं. पोट्ट्यानं चिंधीनं पाइप पुसला, बसवला, स्क्रूड्रायव्हरनं क्लॅम्प आवळला. मी किती विचारलं. त्याच्या आधी काकाजीच म्हणाले, “वीस रुपये दे त्याले. अठरा हजारवाल्यानं हे करून द्याले पाह्यजे होतं.” ही गोष्ट मी त्या अठरा हजारवाल्याला फोनवर बोललो. तो म्हणाला, क्लॅम्प आपल्या कामात येत नाही साहेब.

मी फोनवर भांडत असताना मागे कॉम्प्रेसर धडधडत होता. स्कूटरचं चाक असेल असं समजून मी लक्ष दिलं नाही. निघताना काकाजींनी काचेवर टकटक केली आणि हात वर करून, मोठं मन करून म्हणाले, “करून देल्लं तुमचं काम. चाराईत तीन-तीन. पैसे नका देऊ, हवा आहे.”

घरापर्यंत गाडी प्रत्येक खड्ड्यावर चेंडूसारखी उसळत होती. मला वाटलं, बूस्ट लागू झाला.

काल सकाळी खाली उकिडवा बसून चारही टायरमधली हवा सोडत होतो. गॅलरीतून बायको म्हणाली, “अहो, वाढवायलाच गेला होतात ना?”