भांडण काढायचंय? मग इंग्रजीत काढा

बेळगावात भांडण उकरून काढण्याआधी भाषा ठरवून घ्या. मुद्दा, पुरावा, साक्षीदार हे सगळं मागाहून जमवता येतं. वडगावच्या गल्लीत शेजाऱ्यानं तुमच्या दारापुढं बुलेट लावली आणि तुम्ही मराठीत तोंड उघडलंत, तर तिसऱ्या वाक्याला १ नोव्हेंबर १९५६, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं तो दिवस, उजाडतो. त्यानं कन्नडमध्ये उत्तर दिलं की चौथ्या वाक्याला सीमावादावरचा १९६७ चा महाजन अहवाल बाहेर येतो. तोवर बघे जमलेले असतात. बुलेट कुणाची हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसतं, पण महाराष्ट्रानं मागितली ८१४ गावं आणि महाजनांनी दिली २६४, हा हिशेब पोराटोरांनाही तोंडपाठ. बुलेट मात्र जागची हलत नाही.

म्हणून सांगतो, इंग्रजीत भांडा. "राँग पार्किंग" एवढंच म्हणा, वाद गाडीपुरता राहतो. इंग्रजीला या जिल्ह्यात गाव नाही, तालुका नाही, तिच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही आणि तिच्या फलकाला कुणी काळंही फासत नाही.

आता शब्द कुठला वापरायचा ते बघू. आपल्याकडं सरसकट सगळ्याला "फायटिंग झाली" म्हणतात. हा गावठीपणा सोडा. साहेबानं भांडणाला तऱ्हेतऱ्हेची नावं ठेवलीत ती काय उगीच? नुसती बोलाचाली झाली तर ती क्वारल. कॉलर धरली, धक्काबुक्की झाली आणि "जाऊ दे गा, सोड" म्हणत कुणी मध्ये पडलं, की झाली स्कफल. ढाब्यावर दोन टोळक्यांत जुंपली आणि खुर्च्या उडाल्या, तर ब्रॉल. स्कर्मिश हा लष्करी शब्द आहे, मुख्य लढाईच्या बाहेर छोट्या तुकड्यांची चकमक. तो कॅम्पातल्या मराठा लाइट इन्फंट्रीसाठी राखून ठेवा. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बी पुढं कुणाचा यावरून जे होतं त्याला स्कर्मिश म्हणून जवानांचा अपमान करू नका.

सगळ्यात कामाचा शब्द फ्यूड. बांधावरची एक वीत जमीन आज्यानं सरकवली आणि नातू अजून एकमेकांच्या बारशाला जात नाहीत, तर ते फ्यूड. खानापूर तालुक्यात शेत असेल तर हा शब्द सातबाऱ्यासोबत, नाही, आपल्याकडं त्याला उतारा म्हणतात, तर उताऱ्यासोबत जपून ठेवा. फ्यूडमध्ये सुरुवात कुणी केली हे कुणाला आठवावं लागत नाही. थांबायचं नाही एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

डिबेट हा शब्द सभ्य वाटतो म्हणून फसू नका. त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या झोडपण्यात आहे. हलगा रस्त्यावर २०१२ साली सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटकाची बेळगावातली विधानभवनाची इमारत, उभी राहिली ती डिबेटसाठीच. तिथं हिवाळी अधिवेशन भरणार असं कळलं की इकडं महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा ठरतो, परवानगी नाकारली जाते, नेत्यांना सकाळी गाडीत घालतात आणि संध्याकाळी सोडतात. पोलीस त्याला प्रिव्हेंटिव्ह म्हणतात. भांडण व्हायच्या आधीच त्याचा बंदोबस्त! इंग्रजीशिवाय ही सोय कुठल्या भाषेत आहे?

रायव्हल म्हणायचं असेल तर आधी कणकुंबीला जाऊन या. लॅटिनमध्ये ओढ्याला रिव्हस म्हणतात आणि एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते रायव्हल. रोमन लोकांनी कणकुंबीचा, म्हादई नदीला मिळणारा कळसा नाला पाहिला नव्हता, तरी बरोबर ओळखलं. म्हादईच्या पाण्यावर कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र असे तीन रायव्हल. लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ असं वाटप करून दिलं. आता निवाडा झाला म्हणून घागर घेऊन निघू नका. प्रकरण तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. तेव्हा दोघांचा नळ एकच असेल तरच शेजाऱ्याला रायव्हल म्हणा. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येत असेल तर अधिकच शोभेल.

काँटेस्टच्या बाबतीत मात्र सावध राहा. आनंदवाडीच्या आखाड्यात निकाली कुस्ती लागते, एकजण चितपट होतो, दुसऱ्याला फेटा बांधतात आणि लोक घरी जेवायला जातात. अशी झटपट रीत आपल्या कामाची नाही. आपल्याला हवा स्टेलमेट. बुद्धिबळात राजाला शह नसतो, पण हलायला घरही नसतं, त्याला म्हणतात स्टेलमेट. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. तेव्हा जन्मलेली पोरं आज मतदान करतात.

या दाव्यानं आपल्याला एक अमोल शब्दही दिलाय, सब ज्युडिस, म्हणजे प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. दोन्ही राज्यांच्या मंत्र्यांना कुठलाही अवघड प्रश्न विचारा, उत्तर हेच. तुम्हीही वापरा. बायकोनं विचारलं, दिवाळीला माहेरी कधी सोडणार? सब ज्युडिस. सोसायटीचा हप्ता थकला? सब ज्युडिस. समोरचा फारच हट्टाला पेटला तर राज्यात सगळीकडं चालणारं "स्वल्प ॲडजस्ट माडी", म्हणजे जरा सांभाळून घ्या, वापरा. त्यातला मधला शब्द इंग्रजी आहे म्हणूनच ते वाक्य मराठी माणसालाही पटकन पटतं.

राहता राहिलं काँपिटिशन. हा शब्द कुणाला शिकवायची गरज नाही. पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं म्हणून दुकानदाराला दमात घेणारा आणि मराठी पाटी काढली म्हणून घोषणा देणारा, हे दोघं जूनमध्ये एकाच ठिकाणी भेटतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या फाटकापाशी, हातात फीची पावती घेऊन. "काँपिटिशन फार वाढलंय हो अण्णा," हा म्हणतो. "हौदु, हौदु," तो म्हणतो. तिथं क्वारल नाही, स्कफल नाही, पोलीस बंदोबस्तही लागत नाही. मराठी शाळेच्या आणि कन्नड शाळेच्या मास्तरांनी पटसंख्येसाठी घरोघरी फिरावं, आणि जमल्यास एकाच रिक्षातून फिरावं, पेट्रोल वाचेल.

शेवटी, भांडण कागदावर गेलं तर वकिलाकडून नोटिशीच्या डोक्यावर "विदाउट प्रेज्युडिस" लिहून घ्या. तडजोडीसाठी जे लिहिलं ते पुढं कोर्टात आपल्याच अंगावर येऊ नये, म्हणून असतं ते. आपल्याकडं तर लग्नपत्रिकेवरही छापायला हवं. सून चंदगडची आणायची, मुलगी धारवाडला द्यायची, मंगलाष्टकं मराठीत, आचारी कन्नड आणि आहेराच्या पाकिटावर नाव इंग्रजीत. व्याह्यांनी विचारलंच, पत्रिका कुठल्या भाषेत छापायची, तर पानाचा तबक पुढं करा आणि नम्रपणे सांगा, मॅटर सब ज्युडिस आहे, मामा.