आडनावं इंग्रजांनी दिली नाहीत

आडनावांबद्दलचा एक मेसेज गेली काही वर्षं फिरतोय. नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो, शाळेच्या जुन्या ग्रुपवर येतो, आता रीलमध्येही दिसतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. मराठी माणसाला आडनाव नव्हतंच, इंग्रजांनी शिरगणतीसाठी ते चिकटवलं. गाढवे, डुकरे, लांडगे ही आडनावं साहेबाच्या कारकुनांनी टिंगल म्हणून लिहिली. अस्सल आडनावं तेवढी संस्कृतातून आली. आणि शेवटी ठळक अक्षरात : आडनाव सांगा, कूळ आणि जात आपोआप कळते. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त खुपतो, पण आधीचे तीन त्याला टेकू देतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

पुण्यावर कंपनीचा अंमल आला १८१८ मध्ये. देशभराची पहिली शिरगणती त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, १८७२ च्या सुमारास. आता सतराव्या शतकातली नावं घ्या : कान्होजी जेधे, बाजी पासलकर, येसाजी कंक, तानाजी मालुसरे, मुरारबाजी देशपांडे, नेताजी पालकर. यांना आडनाव कोणत्या साहेबानं दिलं? मावळातल्या देशमुखांचे वतनाचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत. जेधे, खोपडे, बांदल यांच्यात कुणाचा हक्क कुठवर, हे कागदावर सिद्ध करावं लागे. जिथं वारशानं काही मिळायचं होतं, तिथं घराण्याचं नाव पक्कं व्हायलाच हवं होतं. ज्याच्या नावावर काही नव्हतं, त्याचं बापाच्या नावावर आणि गावाच्या नावावर भागत असे.

मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच की आडनाव असूनही रोजच्या व्यवहारात ते लागेच असं नाही. बाजीराव पेशव्यांचा शिक्का बघा : ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. बल्लाळ म्हणजे वडील बाळाजी. घराण्याचं आडनाव भट, पण ते शिक्क्यात नाही. ‘पेशवे’ही नाही. शाळेचं रजिस्टर, कोर्टाचे कागद, नोकरीचा अर्ज यांत आडनाव लिहायची सक्ती झाली ती इंग्रजी अमलात. त्या दिवशी जे लिहिलं गेलं, ते पुढच्या पिढ्यांना कायमचं लागलं.

टिंगलीचा मुद्दा तर एका आडनावानं निकालात निघतो : घोरपडे. घोरपड हा सरपटणारा प्राणी, आणि संताजी घोरपडे औरंगजेबाच्या फौजांची झोप उडवत होते ते १६९० च्या दशकात. घोरपडीला दोर बांधून गड चढल्याची कथा या घराण्याबद्दल सांगतात. ती कशीही असो, हे आडनाव त्यांनी अभिमानानं मिरवलं. जावळीच्या मोऱ्यांचंही तेच. मोऱ्यांचं देवक मोराचं पीस. काही अभ्यासक मोरे हे नाव मौर्यांशी जोडतात, तेही नाकारता येत नाही. पण कारकुनाची थट्टा त्यात कुठंच बसत नाही. प्राण्याच्या नावात आज आपल्याला हसू येतं, म्हणून नाव ठेवणाराही हसत होता असं मानायचं कारण नाही.

याच मुद्द्याच्या पोटात दगडू, धोंडू, केरबा ही नावं येतात. ती म्हणे परक्यांनी हिणवायला ठेवली. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याला दृष्ट लागू नये, मृत्यूनं त्याच्याकडे ढुंकूनही बघू नये, म्हणून आईबाप मुद्दाम असं नाव ठेवत. उकिरडा, केरू ही नावंही त्यातलीच. ते सगळ्या जातींत होतं. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव. या नावांमागे एका बाईचा जीव किती वेळा कासावीस झाला असेल, ते मेसेज लिहिणाऱ्याच्या मनातही आलेलं दिसत नाही.

नावातून अपमान झालाच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. शूद्राचं नाव ‘जुगुप्सित’, म्हणजे किळस यावी असं असावं, हे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सरळ लिहिलेलं आहे. चांगलं नाव ठेवलं तरी ते मोडून, ‘या’ लावून हाक मारायची रीत गावोगाव होती. ती रीत आपली होती. तिचं खापर साहेबाच्या कारकुनावर फोडलं की आपण मोकळे होतो, आणि मला वाटतं या मेसेजची गोडी त्यातच आहे.

संस्कृतचा मुद्दा. जाधव हे यादववरून आलं, यात शंका नाही. यात्रेची जत्रा झाली, तसंच ते. पण फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस यांच्या शेवटचा ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. पारसनीस हा तर फारसी लिहिणाराच. इनामदार, जहागीरदार, सुभेदार यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी पदांची नावं संस्कृत केली : मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री. पदाचं नाव बदललं, घरातलं मात्र राहिलं. आजही डबीर, सुरनीस, वाकनीस, मुजुमदार आपल्यात आहेत, आणि ती चोख मराठी आडनावं आहेत.

आता जात. भाड्यानं घर बघायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मालकांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं. मग ‘कुठले?’ मग ‘म्हणजे मूळचे कुठले?’ आडनावातून त्यांना हवं ते कळत नव्हतं, आणि विचारायचं सोडवत नव्हतं. मला ते घर मिळालं नाही.

कळणार तरी कसं? कर्मवीर भाऊराव पाटील जैन, क्रांतिसिंह नाना पाटील मराठा, दि. बा. पाटील आगरी. भोसले छत्रपतींच्या घराण्यात आहेत आणि पारध्यांच्या पालांवरही आहेत. काळे, पवार, चव्हाण, शिंदे तसेच. देशमुख मुसलमानांतही आहेत, कारण ते वतनाचं नाव आहे, रक्ताचं नाही.

आणि आडनाव एका जागी थांबतही नाही. भटांचे पेशवे झाले. नाना फडणवीस मूळचे वेळासचे भानू. जोतीरावांचं घराणं कटगुणचं गोऱ्हे, पुण्यात फुलांचा धंदा केला म्हणून फुले. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव आंबडवे. गावावरून पडलेलं आडनाव तर गाव सोडल्यावरच लागतं. होळ गावात राहणाऱ्याला शेजारी होळकर कशाला म्हणतील? म्हणजे ते आडनाव तुमचं मूळ सांगण्याआधी, कुणीतरी कधीतरी घर सोडून निघालं होतं एवढं सांगतं.

गायकवाड हे एकच आडनाव घ्या. बाबासाहेबांना १९१३ मध्ये अमेरिकेला शिकायला शिष्यवृत्ती दिली ती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेबांबरोबर सत्याग्रहाला उभे राहिले, दार बंदच राहिलं तरी हटले नाहीत, ते दादासाहेब. तेही गायकवाड.