दादा, हे नुसतं बोलणं नसतं

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर झालेला वाद डोक्यातून जात नाहीये. वीस वर्षांची माझी भाची सारखे हात धुते, बोटांची सालं निघालीत. मी इंग्लंडातून वर्तनोपचार सुचवला, म्हणजे वागणं थोडंथोडं बदलत करायचा मानसोपचार. तिचा बाबा, म्हणजे माझा दादा, रसायनशास्त्राचा प्राध्यापक. त्याने लिहिलं, "नुसतं बोलून काय होतंय? मन घट्ट करायला हवं." त्यावर डॉक्टर चुलतभाऊ म्हणाला, "तिकडे लोक शिकलेले, त्यांना पटतं. आपल्याकडे नाही चालत."

आपल्याकडे म्हणजे कुठे? गोव्यात तर चाललं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतले नैराश्याचे ४९५ रुग्ण घेतले. त्यातल्या साधारण निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर ६ ते ८ भेटी मिळाल्या. भेटणारी माणसं तिथलीच, मानसोपचाराची पदवी नसलेली, या कामापुरती तयार केलेली. काय करायचं सोडून दिलंत, त्यातलं आज काय जमेल, असं ती धरून बसायची. तीन महिन्यांनी त्या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं, दुसऱ्या गटात ३९ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय हे. पेशंटला पदवी लागली नाही, समजावणाऱ्यालाही नाही. आमच्या घरात मात्र तीन पीएचडी आहेत.

भाचीला आहे तो मंत्रचळ (ओसीडी). त्यावरचा उपचार वेगळा, पण तोही नुसता बोलायचा नाही, करायचाच असतो. १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मायरने लिहून ठेवलंय: ज्याची किळस वाटते त्याला हात लावायचा आणि धुवायचं नाही. परिचारिका सोबत थांबायच्या.

मला हे माहीत आहे, कारण मी केलंय. लेस्टरला आल्यावर चौथ्या वर्षी मी बसस्टॉपवरून परत येऊन शेगडीची बटणं बघायला लागले. दोनदा, सहादा. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, न जाता स्वतःच थेरपीसाठी फॉर्म भरला, पाच महिने थांबले. थेरपिस्टने आधी कागदावर रेघ काढून दाखवली: परत फिरलीस की भीती लगेच उतरते, म्हणूनच उद्या पुन्हा चढते. मग गृहपाठ. बटणं एकदाच बघायची, कुलूप लावायचं, बसमध्ये बसायचं, दर पाच मिनिटांनी भीतीला शंभरपैकी मार्क द्यायचे. पहिल्या दिवशी नव्वद. सिटी सेंटर येईपर्यंत पंचावन्न. मन घट्ट कर, असं ती एकदाही म्हणाली नाही.

तेव्हा आईला मी सांगितलं होतं, मंगळवारी ऑफिसचं ट्रेनिंग असतं. थेरपिस्टला इंग्रजीत सगळं सांगता आलं. मराठीत, माझ्या माणसांना, एक वाक्य नाही. परवाही ग्रुपवर मी "इथे असं करतात" एवढंच लिहिलं. "मला होतं" असं लिहिलं नाही. मग दादाला कसं पटावं?

काल भाचीला फोन केला. ती म्हणाली, "आत्या, तुला नाही कळणार, गलिच्छ वाटतं म्हणजे काय ते." मी तो जुना मार्कांचा कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून तिला वाचून दाखवला. पुण्यात रात्रीचे दीड वाजले होते. ती म्हणाली, "थांब, वही आणते."