पावणे दोन आलेत

मंगळवार पेठेत मामांचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकं आता यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि मामा चष्मा कपाळावर ठेवून ती वाचतात, म्हणजे वाचत नाहीत. एके दिवशी त्यांनी मोबाइल माझ्यापुढं सरकवला. "तू कॉम्प्युटर शिकलायस न्हवं? मग ह्यातनं नुसती चिठ्ठी काढून दे. माल, वजन. बास."

"दोन तासांचं काम आहे," मी म्हणालो. हे वाक्य बोलणाऱ्याला रंकाळ्यात एकदा बुचकळून काढायला हवं.

पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत रेग्युलर एक्स्प्रेशननं, म्हणजे मजकुरातनं ठरावीक नमुना हुडकायच्या सोयीनं, सुरुवात केली. शब्द पकडायला बॅकस्लॅश-डब्ल्यू ही 'कुठलंही अक्षर' अशी खूण लावली, तर 'किलो'चे 'क' आणि 'ल' एवढेच हाती आले. पायथनसोबत येणारं ते घरचं मॉड्यूल काना-मात्रा-वेलांटीला अक्षरात धरतच नाही. साखरेचं झालं 'स' आणि 'खर'. गुळाचं 'ग' आणि 'ळ'. कोल्हापुरात गुळाचे इतके हाल कुणी केले नसतील.

मग पार्सिमोनियस नावाची छोटी व्याकरण-लायब्ररी घेतली, म्हणजे नियम लिहून दिले की त्याप्रमाणं मजकूर फोडून देणारा तयार कोड. नावाचा अर्थच चिक्कू. नियम लिहायचे: ओळ म्हणजे वजन, मग मोकळी जागा, मग माल. मोकळी जागासुद्धा लेखी द्यावी लागते, न सांगता एक स्पेस सोडत नाही. असली व्याकरणं लिहायच्या बॅकस-नाऊर पद्धतीला पाणिनीचं नाव जोडावं, असं १९६७ साली सुचवलं गेलं होतं, हेही मी मामांना ऐकवलं.

"पाणिनीला उधारीची गिऱ्हाइकं न्हवती," मामा म्हणाले.

पहिली यादी: 'अर्धा किलो गूळ पावडर'. उत्तर आलं, नियम पूर्ण जुळला पण मजकूर उरला. ओळ १, कॉलम १५, म्हणजे पंधराव्या जागेपाशी अडलं. मामांनी गुळापर्यंत बोटानं मोजलं. "सहाच अक्षरं हाईत की! पंधरा कुठनं काढलंस?" एकट्या 'र्धा'चे र, हलन्त, ध, काना असे चार धरतात, वर दोन मोकळ्या जागा, हे मी समजावत बसलो. तेवढ्यात खोबऱ्याचं एक गिऱ्हाईक परत गेलं.

चूक माझीच. मी 'गूळ' आधी लिहिला होता, 'गूळ पावडर' खाली. ह्या व्याकरणात पर्यायांची रांग असते आणि पहिला बसला तो बसला, एसटीत रुमाल टाकल्यासारखं. खालच्याला कुणी विचारत नाही. म्हणून लांब नाव वर, आखूड खाली. 'सव्वा दोन' वर, नुसता 'सव्वा' खाली. दीड-अडीच पाठ करून घेतले. साडे असलं की अर्धा मिळवायचा, पावणे असलं की पाव काढायचा. एकक नसेल तर किलो धरायचा. आणि लोक मध्ये फार बोलतात, म्हणून आणखी एक नियम: कळलं नाही ते सोडून द्यायचं. ह्या नियमावर मी फार खूश होतो.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या काकू पिशवी आपटत आल्या. "आरं, पावणे दोन किलो साखर कुणी मागिटली? घरात दोन पावणं आल्यात, वरात न्हाई!"

मेसेज होता: 'पावणे दोन आलेत, साखर अर्धा किलो द्या.' व्याकरणानं पावणे दोन हे वजन घेतलं, साखर घेतली आणि बाकीचं नियमाप्रमाणं सोडून दिलं. मामांनी काही न बोलता सव्वा किलो साखर परत पोत्यात ओतली.

रात्री जागून दुरुस्ती केली. 'पावणे', पुढं आकडा, त्यापुढं 'आलेत' किंवा 'आल्यात' दिसलं तर ते वजन नव्हे. ह्या 'नव्हे'साठी व्याकरणात उद्गारचिन्ह लावतात. दहादा चालवून बघितलं, दहादा बरोबर.

सकाळी सातला काकूंचाच मेसेज: 'पावणे तीन झाले, साखर अजून पाव किलो पाठवा.'

चिठ्ठी निघाली. साखर, २.७५ किलो.