ती "नाशिकच्या नगरसेवकांना कोणी किती दिले" वाली यादी
आमच्या सिडकोच्या ग्रुपवर कालपासून एक एक्सेल फिरतेय, म्हणे महापालिका निवडणुकीत नाशिककरांनी दिलेला पैसा. अहो नाही! नीट उघडून बघा, ती पक्षांनी स्वतःला मिळालेल्या देणग्यांची केंद्रीय निवडणूक आयोगाला दिलेली यादी आहे, एका आर्थिक वर्षात २० हजारांच्या वर देणाऱ्यांची, आणि कोणीतरी पत्त्यात नाशिकचा ४२२ ने सुरू होणारा पिन दिसला की ती ओळ उचलून खाली बेरीज मारलीय. पत्ता देणाऱ्याचा असतो हो, पैसा पंचवटीत खर्च झाला की दिल्लीत हे त्यात कुठेच नसतं. २० हजारांपर्यंतची नावं तर यादीत येतच नाहीत, म्हणजे बेरीज तशीही अर्धवटच.

निवडणूक रोख्यांचंही (बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी द्यायचे ते कागद) तेच, ते पक्षाला मिळायचे, उमेदवाराला नाही, आणि सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला ते रद्दच केले.

महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, त्यात रिक्षा, भोंगे, मांडव, चहा-मिसळ सगळं येतं (मिसळीचा आकडा वाचून हसू येतं तो भाग वेगळा). वॉर्डातलं बघायचं तर तो कागद मागा.