वीस मिलिव्होल्टची खोडी

आमचा वायफाय राउटर मनाला येईल तेव्हा बंद पडून परत चालू व्हायला लागला, आणि तोही नेमका लेकीचा ऑनलाइन क्लास असताना. शहाणा माणूस अशा वेळी दोन-तीनशे रुपये टाकून नवा अडॅप्टर आणतो, आणि बायकोने तसं सांगितलंही. पण राउटरला वीज देत होतं ते एलएम २५९६ चं मॉड्यूल, जुन्या लॅपटॉप अडॅप्टरच्या १९ व्होल्टचे १२ करून देणारं, आणि मल्टिमीटरवर ते अगदी इमानदारीत १२ दाखवत होतं. मल्टिमीटरचं कसं आहे, तो बिचारा सरासरी सांगतो, आत थरथर चालली असली तरी त्याला पत्ता नसतो.

हे मॉड्यूल आपलं आउटपुट सतत बघत असतं आणि कमीजास्त झालं की सुधारतं. आमच्या सोसायटीचा वॉचमन हेच काम करतो. टाकी ओसंडल्याचा आवाज आला की पंप बंद, चौथ्या मजल्यावरून शिव्या आल्या की पंप चालू. मधे जो उशीर होतो त्यामुळे बिल्डिंगमध्ये एकतर पूर नाहीतर दुष्काळ. सर्किटमध्ये हा उशीर अंशात मोजतात, १८० अंश झाला की सुधारणाच उलटी पडते, आणि त्याच्या किती अलीकडे आपण आहोत ते म्हणजे फेज मार्जिन. ४५ च्या वर असलं की माणसाला झोप लागते.

हे मार्जिन, बघण्या-सुधारण्याचं चक्र म्हणजे लूप न तोडता, कसं मोजायचं हे अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या मिडलब्रुक साहेबांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय. आउटपुट आणि फीडबॅकचा रेझिस्टर यांच्या मधे १० ओहम घालायचे, त्याच्या दोन टोकांत वीसेक मिलिव्होल्टची साइन वेव्ह सोडायची, म्हणजे थोडक्यात खोडी काढायची, आणि दोन्ही टोकं स्कोपवर, म्हणजे सिग्नलच्या लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, लावून बघायचं की मॉड्यूल किती चिडतं आणि किती उशिरा चिडतं. खोडी जास्त झाली तर ते खरंच पिसाळतं आणि मग आकडे खोटे येतात. (लग्न झालेल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

पण ही साइन वेव्ह सोडणाऱ्या सिग्नल जनरेटरची एक वायर अर्थला असते आणि स्कोपचीही, त्यामुळे थेट जोडलं तर आउटपुटच शॉर्ट. मधे ट्रान्सफॉर्मर पाहिजे, शंभर हर्ट्झपासून दोन-तीनशे किलोहर्ट्झपर्यंत सारखा चालणारा. तयार मिळतो, शेकडो डॉलरला. मी टॅब बंद केला आणि ग्रँट रोडला उतरलो.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पाहिजे ते मिळतं हे खरंय, फक्त पाहिजे तेवढं मिळत नाही. टोरॉइड, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची वायर गुंडाळायची रिंग, मागितला तर काउंटरवरचा म्हणाला, "कितना पीस?" एक म्हटल्यावर तो माझ्या मागच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. शेवटी भंगारातून मेलेल्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा डबा, आणला, कारण त्यात मेन्स आत येते तिथेच विजेतला खरखराट अडवणारा कॉमन मोड चोक असतो आणि त्याची फेराइट रिंग या कामाला झकास. फक्त मूळ वाइंडिंग काढून टाकायचं. त्यात दोन वायरी रिंगच्या दोन बाजूंना रुसल्यासारख्या बसलेल्या असतात आणि आपल्याला हव्यात एकमेकींना चिकटून, नाहीतर वरच्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल पलीकडे जातच नाही.

म्हणून वायर पिळणं आलं. दोन एनॅमल वायरी खिडकीच्या ग्रिलला बांधल्या, दुसरी टोकं ड्रिल मशीनच्या तोंडात दिली, आणि घर केवढंसं, म्हणून मशीन घेऊन मी दाराबाहेर पॅसेजमध्ये. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या, "दोरी बांधलीस होय रे, बरं केलंस" म्हणून ओला टॉवेल टाकून मोकळ्या. माझं बोट ट्रिगरवर होतं. टॉवेल नवा घेऊन दिला.

आमच्या मामांचं एकेकाळी रेडिओ रिपेअरचं दुकान होतं, त्यांना हा सगळा पसारा बघून कीव आली. "आम्ही दोन बीसी १४८ ट्रान्झिस्टर पेनाच्या नळीत घालून इंजेक्टर करायचो. स्पीकरकडनं मागे मागे टोचत यायचं, शिट्टी बंद झाली की तिथे फॉल्ट. तुझं काय एवढं?" मी म्हटलं, मामा, तुम्हाला सिग्नल पोचतो का एवढंच बघायचं असायचं, मला किती उशिरा पोचतो ते बघायचंय. "उशिराच पोचणार. मुंबईत राहतोस ना?"

खरा छळ मोजताना झाला. वीस मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही हो, आणि आमच्या मजल्यावर सकाळ-संध्याकाळ कोणाचं ना कोणाचं वाटण चालू, मिक्सरच्या ब्रशच्या ठिणग्या स्कोपवर गवतासारख्या उगवायच्या. सगळ्यांच्या चटण्या झाल्या की रात्री अकरानंतर मी बसायचो, एकेक फ्रिक्वेन्सी हाताने फिरवायची, दोन्ही टोकांची उंची आणि अंतर कॅलेंडरच्या मागे लिहायचं. चौदा किलोहर्ट्झला दोन्ही बाजू सारख्या झाल्या, उशीर धरायचा तो तिथलाच, आणि फेज मार्जिन निघालं १७ अंश! राउटर बिचारा तग धरून होता हेच नवल.

कारण बघा कसं. मॉड्यूल बनवणाऱ्या कोणा हुशार माणसाने आउटपुटला उंची सिरॅमिक कपॅसिटर लावला होता, ज्यात आतला रेझिस्टन्स जवळपास शून्य. आणि या चिपला तोच थोडासा रेझिस्टन्स लागतो, त्यानेच फेज, म्हणजे तो अंशातला उशीर, सावरते. तिथे साधा ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक लावला, चहाच्या किमतीतला. ५३ अंश.

लेकीच्या वहीतला ग्राफपेपर फाडून मी दोन्ही कर्व्ह काढले, एक लाल एक निळा, आणि बायकोसमोर ठेवले. तिने चष्मा लावून नीट बघितलं, खालून वर, वरून खाली.

"अहो, म्हणजे आता नेट फास्ट होणार?"

मी हो म्हणालो.